सागारिबाना बघायचा तर रात्री इशिगाकीत की पहाटे इरिओमोतेत?

जपानच्या पार दक्षिणेला, तैवानच्या शेजारच्या यायेयामा बेटांवर (इशिगाकी आणि इरिओमोते ही त्यातलीच दोन) जूनअखेर ते जुलैअखेर सागारिबानाचा बहर असतो. आपल्याकडच्या निवराचं हे जवळचं भावंड, बॅरिंग्टोनिया वंशातलं. अंधार पडला की फूल उघडतं आणि उजाडता उजाडता गळतं. म्हणजे बघायचं कुठं, झाडावर की पाण्यावर, एवढंच ठरवायचं असतं. झाडावर बघायचं तर रात्रीचं इशिगाकी, पाण्यावर बघायचं तर पहाटेचं इरिओमोते, तेही कायाकमधून, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीतून. दोन्ही करा असं सगळे सांगतात. पण जुलैत पंचगंगेच्या पातळीवर एक डोळा ठेवून कोल्हापूर सोडणाऱ्याला रजा आणि खिसा दोन्ही बघावं लागतं.

सोयीच्या बाबतीत इशिगाकी सरळ पुढं आहे. ओकिनावाची राजधानी नाहा, तिथून विमानानं साधारण तासाभरात पोचता येतं, राहायला हवी तेवढी हॉटेलं आहेत, गाडी भाड्यानं मिळते. संध्याकाळी सावकाश जेवून निघालात तरी चालतं. उत्तरेकडच्या हिराकुबो भागातली सागारिबानाची राई प्रसिद्ध आहे, शहरातून गाडीनं साधारण तासभर. चालणं थोडंच. आई-वडील किंवा लहान पोरं बरोबर असतील तर माझ्या मते पुढं वाचायचीही गरज नाही, इशिगाकीच करा. शिवाय वास! ओल्या हवेत झाड दिसायच्या आधी वास येतो, गोड आणि थोडा अंगावर येणारा. फांदीवरून लांबलचक माळा खाली लोंबत असतात. एका माळेवरच्या सगळ्या कळ्या एकदम उमलत नाहीत, आज काही, उद्या काही. उमललेल्या फुलात पाकळ्या नावालाच, बाकी सगळा पांढऱ्या-गुलाबी केसरांचा झुपका, आणि त्याच्यावर घिरट्या घालणारे मोठे पतंग.

माझं बिनसलं ते उजेडावरून. डोळे अंधाराला सरावायला बराच वेळ लागतो. एकदा सरावले की चांदण्यातसुद्धा केसर न् केसर सुटा दिसतो. मी ज्या ओढ्याकाठी गेलो होतो तिथं डोळे सरावले रे सरावले की कुणाचा तरी हेडलॅम्प थेट तोंडावर यायचा. तो गेला की मोबाईलचा फ्लॅश. पुन्हा पहिल्यापासून अंधारात बघायला लागायचं. आपल्याकडं कुणाच्या दारात ब्रह्मकमळ फुललं की रात्री अकराला अख्खी गल्ली मोबाईल घेऊन जिन्यात गोळा होते, अगदी तसाच प्रकार. फक्त इथली मंडळी कमरेत वाकून माफी मागतात आणि मग फ्लॅश मारतात. बरं, बॅटरी लावू नका म्हणायचीही सोय नाही. या बेटांवर हाबू नावाचा विषारी साप आहे आणि तो रात्रीच बाहेर पडतो. पायाखाली उजेड हवाच. त्यामुळं दोष द्यायचा कुणाला? पण मजा गेली ती गेलीच.

इरिओमोतेत हा प्रश्नच येत नाही, कारण फूल बघायची वेळच उजाडायची असते. तिथं जुलैत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्याच्या आधी अंधारात कायाक पाण्यात जाते आणि थोड्याच वेळात बॅटऱ्या आपोआप बंद होतात. त्या राखाडी उजेडात फूल गळताना दिसतं. पाकळ्या आणि केसर मिळून अख्खा झुपका एकदम सुटतो, टप्पकन पाण्यावर पडतो आणि तरंगायला लागतो; वर माळेला स्त्रीकेसराचा बारीक दोरा तेवढा लटकत राहतो. माझ्या वल्ह्याच्या पात्यावर एक पडलं, ते उचलून बघितलं तर अजून ताजं होतं, वासही होता.

त्रास नाहीत असं नाही. बेटावर विमानतळ नाही, इशिगाकीहून फेरी बोटीनं चाळीस-पन्नास मिनिटं लागतात आणि पहाटेसाठी मुक्काम करावाच लागतो. पाय पसरून कायाकमध्ये बसून कंबर धरते. नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा खेळ चालतो, ओहोटीच्या वेळी फुलं वाहून जातात किंवा चिखलात बसतात. तायफून आला की बोटी बंद, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवलेला बरा. शाकाहारी माणसानं भडंगाची पिशवी बरोबर घ्यावी, छोट्या गावांत रात्री फारसं काही मिळत नाही.

एवढं असूनही मला कुणी एकच सांग म्हटलं तर मी इरिओमोते म्हणेन. तुम्हाला गर्दीचा आणि उजेडाचा माझ्याइतका वैताग येत नसेल, तर इशिगाकीही वाईट नाही.

इरिओमोते ठरलं तर खोली घेण्याआधी गाईडला नदी कुठल्या बाजूची ते विचारा. फेरी बोटीच्या दोन बंदरांपैकी ओहारा पूर्वेला, उएहारा दुसऱ्या अंगाला, आणि बेटाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता नाही. इरिओमोतेचं दुर्मीळ रानमांजर रस्ता ओलांडत असतं म्हणून गाडी हळूच चालवावी लागते. मुक्काम चुकीच्या टोकाला पडला तर पहाटे तीनला उठावं लागेल.