पोळी मेकरचं प्रदर्शन आणि माझे ९,४९९ रुपये

पोळी मेकरच्या प्रदर्शनात मी फसले. रक्कम आधीच सांगते, म्हणजे "असे कितीसे गेले?" हा प्रश्न नको. पोळी मेकर (कणकेचा गोळा दोन तापलेल्या तव्यांत दाबून पोळी करणारं विजेचं यंत्र), ७५० वॅटचा म्हणवणारा मिक्सर, दोरीचा चॉपर आणि "भेट" म्हणून ३ लिटरचा कुकर, असा सेट. खोक्यावर छापील किंमत २३,९९०. प्रदर्शनात १०,९९९. जुना मिक्सर दिला म्हणून १,५०० वजा. १,००० रोख बुकिंगचे, ८,४९९ यूपीआयने. झाले ९,४९९. पुढे "सर्व्हिस रजिस्ट्रेशन, रिफंडेबल" म्हणून फोनवर आणखी ४९९ उकळले, म्हणजे दहा हजाराला दोन रुपये कमी. आणि तो जुना मिक्सर चालत होता हो! त्याचा नुसता कपलर, म्हणजे जार मोटरला जोडणारा भाग, झिजला होता, जो भांड्यांच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांत मिळतो.

मंगल कार्यालयातला सेल, रिक्षावरचा भोंगा, कूपन भरून घेणं, "आज शेवटचा दिवस" ही सगळी तऱ्हा सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. माहीत असताना घेतलं कशाला, असं घरातही विचारून झालं. घेतलं, कारण डोळ्यांदेखत पोळ्या टम्म फुगत होत्या. एक नाही, ओळीने. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

डोळ्यांवरच ठेवायचा, पण पोळीकडे नाही, कणकेकडे बघायचं. तिथेच कळायला हवं होतं. डेमोवाला झाकणाच्या डब्यातून एकेक गोळा काढायचा आणि झाकण लगेच बंद. गोळा बोटांपासून सुटताना ताणला जायचा, तुटत नव्हता. रंग पांढुरका. घरच्या गव्हाच्या कणकेचा गोळा असा रबरासारखा ताणत नाही. तो मैद्याचा गुण. वर हात तेलाने माखलेले. मी विचारलंही, "घरून कणीक आणते, तिची करून दाखवता का?" उत्तर आलं, "मावशी, मशीनला काय कळतंय कणीक कुणाची ती!" बायका हसल्या आणि विषय संपला. मशीनला सगळं कळतं. कणीक कुणाची, किती पाण्याची, किती वेळ मुरलेली, सगळं. विकणाऱ्याने प्रश्न हसण्यावारी नेला की तिथून उठायचं.

आता मशीन खरं कसं चालतं ते सांगते, कारण डेमोत यातलं एक अक्षर सांगत नाहीत. लाटून करायच्या पोळीला १०० ग्रॅम पिठाला साधारण ६० मिली पाणी लागतं. मेकरला ७० ते ७५ लागतं, तेही कोमट, आणि कणीक निदान अर्धा तास झाकून ठेवावी लागते. घट्ट कणीक दाबली की पसरत नाही, जाड राहते, कडा चिरतात. गोळा मधोमध ठेवायचा नाही, थोडा बिजागरीकडे ठेवायचा, कारण झाकण दाबताना कणीक पुढे सरकते. दाबायचं एक-दोन सेकंद आणि लगेच सोडायचं. धरून ठेवलं तर आत कोंडलेली वाफ फट्‌ करून फुटते आणि पोळीला भोक पडतं. पिठी लावायची नाही, ती तव्याच्या कोटिंगवर जळून काळी बसते. म्हणजे हात चिकट, गोळा चिकट, ओटा चिकट. लाटण्याचा त्रास वाचला म्हणायचं आणि हा नवा ओढवून घ्यायचा.

एवढं सगळं जमलं तरी निघतो तो फुलका. घडीची पोळी या मशीनवर होत नाही, कुठल्याही कंपनीच्या होत नाही. तेल लावून घडी घातलेले पदर लाटण्याखाली हळूहळू पसरतात. वरून एकदम दाबले की एकमेकांत चिकटतात. डेमोवाला तर "पुरणपोळीपण होते" म्हणाला. पुरण भरलेला गोळा असा दाबला तर पुरण कडेने बाहेर येईल, दुसरं काय होणार? ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे भाकरीचं नावच काढू नका. ज्या घरात रोज घडीची पोळी आणि भाकरी लागते त्या घराला हे यंत्र चांगलं मिळालं तरी निरुपयोगी आहे.

आणि मिळालं ते चांगलं नव्हतंच. खोक्यावर १००० वॅट छापलेलं. पहिली पोळी बरी, दुसरी फिकट, तिसरी पापड. हे का होतं ते समजून घ्या. ओला गोळा तव्यावर पडला की तवा थंड होतो. कॉइल दमदार असेल तर लगेच सावरतो. नसेल तर पोळी भाजायच्या आधी नुसती वाळत बसते आणि वाळली की फुगत नाही. हे घरच्या विजेच्या मीटरवर तपासता येतं. मीटरवर "३२०० पल्स प्रति युनिट" असं काहीसं छापलेलं असतं, काहींवर १६०० असतं. फ्रीजसकट घरातलं सगळं बंद करायचं, फक्त मेकर लावायचा आणि त्याचा दिवा विझायच्या आत एका मिनिटात मीटरची लाल लुकलुक मोजायची; एक लुकलुक म्हणजे एक पल्स. ३२०० च्या मीटरवर १००० वॅटला मिनिटाला ५३ भरतात. माझ्या भरल्या ३०. म्हणजे ५६० वॅटच्या आसपास. छापलेलं १०००! मिक्सरला मात्र ही युक्ती लागू नाही, कारण रिकामा फिरताना तो छापलेल्या वॅटपेक्षा खूपच कमी वीज ओढतो. मिक्सरचं तळ उलटं करून ओव्हरलोडचं लाल बटण (फार ताण आला की मोटर बंद पाडणारं) आहे का ते बघा. यांच्या मिक्सरला ते नव्हतंच. उडदाची डाळ वाटायला घेतली तर वॉर्निश जळल्याचा वास, आणि जारच्या बुशमधून, म्हणजे पात्याखालच्या नळीतून, काळं तेलकट पाणी.

डेमोचं मशीन आणि खोक्यातलं मशीन एकच होतं का, याचं उत्तर आता कोण देणार. डेमोच्या मशीनचा तवा जड होता, झाकण उचलताना मनगटाला जाणवत होतं. घरी आलेलं उचलायला हलकं. घेताना उचलून बघायला हवं होतं हे मला आता शेजारचेही सांगतात. सीलबंद खोकं "उघडलं तर एक्स्चेंज रद्द" म्हणून हातात दिलं होतं, तेव्हा काय करायचं होतं ते मात्र कुणी सांगत नाही. असो. तुम्हाला असं कुणी म्हणालं तर खोकं तिथेच ठेवा.

लोहचुंबकाचा खेळ वेगळाच. मिक्सरच्या जारला चुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, ३०४ आहे", म्हणजे चांगल्या ग्रेडचं स्टील. २०२ ग्रेडचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे चुंबकाने ३०४ ठरत नाही, ठरतं ते एवढंच की हे ४३० सारखं चुंबकाला चिकटणारं स्टील नाही. उलट इंडक्शनच्या भांड्याच्या तळाला चुंबक चिकटायलाच हवा. हे ठाऊक असूनही त्या गर्दीत कोण वाद घालत बसतं?

सगळ्यात भयंकर तो फुकटचा कुकर. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय मार्क १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, त्याशिवाय विकताच येत नाही. मानक आहे आयएस २३४७. खऱ्या मार्कच्या वर हा आयएसचा आकडा असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. माझ्या कुकरवर आयएसआयचं चित्र होतं, खाली क्रमांक नाही. "बीआयएस केअर" नावाचं सरकारी मोफत ॲप आहे. त्यात क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मोठ्या ऑनलाइन दुकानांनाही बिनमार्कचे कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये एकेक लाखाचा दंड केला होता, मग हे फिरते विक्रेते कुठल्या झाडाचा पाला. तो कुकर मी वापरलेला नाही. भंगारातही देणार नाही, तक्रारीचा पुरावा आहे.

बिल बघा. "अंदाजपत्रक" असं वर छापलेलं, खाली जीएसटी क्रमांक. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्याचा २७ ने सुरू होतो. यांच्या बिलावर १४ होती. एक अक्षर खाल्लेलं! कुठल्या बाईने बिलावरची अक्षरं मोजून घ्यायची, सांगा. पण आता मोजत जा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव आणि "ॲक्टिव्ह" आहे का ते बघता येतं, लॉगिन लागत नाही. आणि यूपीआय करताना पडद्यावर जे नाव येतं ते बिलावरच्या दुकानाचं आहे का, हे पिन टाकायच्या आधी वाचा. माझ्या पडद्यावर कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं होतं. "मालकांचं आहे" म्हणाले.

आता सरकारी कारभार. पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला." ५६० वॅटचं मशीन १००० म्हणून विकणं, खोटा मार्क मारणं आणि खोटा जीएसटी क्रमांक टाकणं हा दिवाणी मामला! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे मग? शेवटी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का असलेलं कपाट बंद. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठले नाही. मंगल कार्यालयवाल्यांनी "आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो" म्हणून हात झटकले; भाडेकरार आणि ओळखपत्राची प्रत त्यांच्याकडे असणार, पण ती "पोलिसांनी मागितली तर देऊ". पोलीस म्हणतात, "त्यांच्याकडून तुम्ही आणा." बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तर प्रत्यक्ष खरेदी असल्यामुळे सायबर गुन्हा नाही. ४९९ चं प्रकरण फोनवरचं होतं, ते घ्या म्हटलं, तर रक्कम ऐकून पलीकडचा माणूस गप्प. वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) कार्यालयात खोकं दाखवलं: उत्पादकाचा पूर्ण पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीचा क्रमांक नाही. आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे हे सगळं छापायलाच लागतं आणि बघायचं काम याच कार्यालयाचं. साहेब म्हणाले, "विक्रेता हजर असता तर धाड टाकली असती." प्रदर्शन भरलं होतं तेव्हा तुम्ही कुठे होता साहेब? भोंगा तर तुमच्या कार्यालयाखालूनही गेला असेल.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, निदान फोन उचलते आणि मराठीत बोलते. पण ती कंपनीला कळवते, आणि कंपनीच नसेल तर कळवणार कुणाला? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. कागदावर उत्तम. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो आणि बिलावरच्या पत्त्यावर त्या नंबरचा गाळाच नाही. म्हणून पत्ता आधी मिळवा: विकणाऱ्याच्या आधार कार्डाचा फोटो, स्टॉलचा फोटो, टेम्पोचा नंबर. नाही म्हणाला तर पैसे खिशात.

कामाचं, कमी कटकटीचं काय घ्यायचं असा प्रश्न असेल तर माझी कसोटी एकच: त्या वस्तूचा झिजणारा भाग आपल्या गावातल्या भांड्यांच्या दुकानात मिळतो का? कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह. मिक्सरचा कपलर, जारचा बुश, पातं. हे मिळत असेल तर वस्तू दहा वर्षं चालते. पोळी मेकरची कॉइल आणि थर्मोस्टॅट कुठे मिळतो ते दुकानदाराला विचारा, तो तुमच्याकडेच बघत बसेल. या सेटमधला दोरीचा चॉपर तेवढा चालतो. कांदा चौकोनी तुकडे करून निम्म्यापर्यंतच भरायचा, दोरी सरळ वर न ओढता आडवी ओढायची, आणि झाकण पाण्यात बुडवायचं नाही, आत गिअर आणि स्प्रिंग असते, गंजते. असा चॉपर बाजारात अडीचशे-तीनशेला मिळतो.

ज्यांच्या घरी हा सेट आधीच आलाय त्यांनी पोळी मेकर लावू नका. प्लग तीन पिनांचा आहे, पण माझ्या मशीनमध्ये अर्थिंगची जाड पिन आत कशालाच जोडलेली नाही, वायरमध्ये दोनच तारा आहेत. बॉडी पत्र्याची, हात ओल्या कणकेचे. इलेक्ट्रिशियनकडे नेऊन मल्टिमीटरने जाड पिन आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही आतून जोडलेली आहेत का, ते बघायला सांगा. नसेल तर त्याच्याकडून लेखी घ्या, तारीख आणि सही घालून, आणि बीआयएस केअरवर कुकरच्या तक्रारीसोबत तो कागद जोडा.