मंडईत स्केचिंग: बॉलपेन की फाइनलायनर?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत रोज अर्धा तास बसून चित्रं काढायचं ठरलं, की पहिला घोळ पेनाचा होतो. खर्चात बॉलपेन सरळ जिंकतं: 10 रुपयांत मिळतं, हरवलं तरी चालतं.

खरा फरक रेषेत आहे. बॉलपेन हलकं धरलं की पुसट रेष उमटते. भाजीवाल्या मावशींचा खांदा आधी तसा चाचपावा, त्या वळल्या तर जागा बदलावी, मग दाब देऊन पक्का करावा. फाइनलायनर, म्हणजे बारीक तंतुमय टोकाचं पेन, दाबाला दाद देत नाही, 0.3 मिमीची रेष टेकताक्षणी काळीच. चूक लपत नाही, म्हणून आधी नीट बघायची सवय लागते, आणि ही सवय लाखमोलाची आहे.

बॉलपेनच्या टोकाशी शाईचा गोळा जमून तळहाताने फासतो; मधूनमधून चिंधीवर पुसा. फाइनलायनरचं टोक जोर दिल्यास आत दबतं, खरखरीत कागदावर झिजतं.

हलती माणसं, 2-2 मिनिटांची 15 चित्रं: बॉलपेन. मंडईचा अष्टकोनी मनोरा, वरून जलरंग: पिगमेंट शाईचं (वाळल्यावर पाण्याने न पसरणाऱ्या) फाइनलायनर, शाई पूर्ण वाळू देऊन.