कलामाझूची गिटार आणि लेस पॉल यांची सही: तीन ऋतूंच्या वापरानंतर

गिब्सन लेस पॉल रेकॉर्डिंग, गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारचं एक मॉडेल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची, गडद महोगनी, वजनाला साडेचार किलोच्या आसपास, आणि पुढच्या बाजूला चंदेरी पेंट मार्करने केलेली सही. ती खुद्द लेस पॉल यांची, म्हणजे ज्या अमेरिकन गिटारवादकाचं नाव या गिटारला आहे त्यांची, असं विकणाऱ्या कुटुंबाचं म्हणणं होतं. गिटार माझ्याकडे आल्यापासून पावसाळा, थंडी आणि उन्हाळा तिन्ही होऊन गेले. रोज वाजवतोय, तिच्यावर रेकॉर्डिंगही केलंय. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी एक गोष्ट, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. गिटार कुठली आणि कधीची, हा एक प्रश्न. सही कुणाची, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायला गेलं की घात होतो. गिटार अस्सल निघाली की सहीही आपोआप अस्सल वाटायला लागते. पण ज्याला खोटी सही खपवायची आहे, तो ती अस्सल गिटारवरच करणार ना!

प्रभात रोडवरच्या एका जुन्या बंगल्यातून मी ती घेतली. तिथल्या काकूंचे दीर न्यू जर्सीत नोकरीला होते. निवृत्त होऊन परतताना ते ही गिटार घेऊन आले आणि त्यांच्या पश्चात ती केसमध्येच पडून राहिली. काकूंनी स्वच्छ सांगितलं, "सही समोर बसून घेतलीय, असं भाऊजी सांगायचे. पण तुझं तू नीट बघून घे बाबा, मला त्यातलं काही कळत नाही." विकणाऱ्याकडून याहून प्रामाणिक वाक्य मी ऐकलेलं नाही. त्यांनी मला गिटार उघडून बघायलाही दिली.

मॉडेलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुण्यात ते सहसा बघायला मिळत नाही. लेस पॉल हे नाव आपण गिटारचं म्हणून ओळखतो, पण तो माणूस वादक होता तितकाच ध्वनिमुद्रणातला तंत्रज्ञ होता. १९५२ मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाची गिटार काढली, ती जगभर गाजली. त्यांना स्वतःला मात्र लो इम्पीडन्स, म्हणजे कमी विद्युत अवरोधाचे पिकअप हवे होते. पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपून विजेचा सिग्नल करणारा भाग. या पिकअपमध्ये तारेचे वेढे कमी असतात, त्यामुळे घरघर कमी येते आणि केबल कितीही लांब असली तरी वरचे सूर मरत नाहीत. स्टुडिओत काम करणाऱ्याला हेच हवं असतं. १९६९ मध्ये गिब्सनने पर्सनल आणि प्रोफेशनल अशी दोन मॉडेल काढली आणि १९७१ मध्ये त्यांच्या जागी रेकॉर्डिंग आलं. तिरके बसवलेले पिकअप, पॅनेलवर व्हॉल्यूम, ट्रेबल, बास आणि डेकेड नावाचा नॉब, शिवाय फेज आणि टोनचे स्विच. बाजाराला हा पसारा झेपला नाही, दशक संपता संपता मॉडेल बंद झालं. लेस पॉल मात्र म्हातारपणीही, स्वतः फेरफार केलेली रेकॉर्डिंगच वाजवत राहिले.

आता उगम. इथे काम तुलनेने सोपं होतं. नकली गिटार बनवणारे स्टँडर्ड आणि कस्टमच्या मागे असतात, पैसा तिथे आहे. एवढे स्विच, आतला असा ट्रान्सफॉर्मर आणि असे पिकअप जमवून नकली रेकॉर्डिंग कोण कशाला बनवेल? तरीही तपासलं.

हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या मागे सहा आकडी सीरियल नंबर ठोकलेला आहे. नुसत्या नंबरवरून साल ठरवणारे बरेच भेटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. गिब्सनने १९६० च्या दशकात वापरलेले सहा आकडी नंबर १९७० ते १९७५ मध्ये पुन्हा वापरले, त्यामुळे एकाच नंबरच्या दोन गिटार असू शकतात. फरक कळतो तो नंबरखाली ठोकलेल्या 'मेड इन यूएसए' मुळे. हा शिक्का १९७० पासून दिसतो. त्याच सुमाराला मानेच्या मागे, हेडस्टॉक सुरू होतो तिथे, व्होल्यूट नावाचा उंचवटा आला. माझ्या गिटारवर दोन्ही आहेत.

खरी माहिती पॅनेलच्या खाली. प्रत्येक पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या विद्युत भागाच्या पाठीवर एक कोड ठोकलेला असतो. पहिले तीन अंक उत्पादकाचे, १३७ म्हणजे सीटीएस. त्या काळच्या पॉटवर पुढचे दोन अंक सालाचे आणि शेवटचे दोन त्या सालातल्या आठवड्याचे. वाचता आले त्या पॉटवर साल १९७१ निघालं. याचा अर्थ गिटार १९७१ च्या आधीची असू शकत नाही, एवढाच. कारखान्यात पॉट महिनोन् महिने पडून असायचे, त्यामुळे ती १९७२ ची असूही शकते. पण कोडपेक्षा मला जास्त पटले ते सोल्डरचे टाके. पन्नास वर्षांची मळकट राखाडी झाक सगळीकडे सारखी, कुठेही नवा चकचकीत थेंब नाही, तारेवर जुन्या टाक्याचा व्रण नाही. नेहमीच्या हमबकर प्रकारच्या पिकअपला मीटरवर सात-आठ किलो-ओहम दिसतात. इथे थेट पिकअपच्या तारांवर मीटर लावलं तर आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे पिकअपही मूळचेच.

थोडक्यात, ही गिटार मिशिगनमधल्या कलामाझूच्या पार्सन्स स्ट्रीटवरच्या कारखान्यातून आली. गिब्सनने १९८४ मध्ये तो कारखाना बंद केला आणि तिथल्याच काही कारागिरांनी त्याच जागेत हेरिटेज ही कंपनी उभी केली. मला हा इतिहास फार भावतो.

आता सही. माझा जास्त वेळ इथे गेला.

साहित्य सगळं पुण्यातच मिळालं. तपकीर गल्लीतून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घेतला. घेताना ३६५ नॅनोमीटरचाच मागा, ३९५ वाल्याच्या जांभळ्या उजेडात काही धड दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग सोन्या मारुती चौकात एका सराफाकडून मिळालं.

खोली पूर्ण अंधारी करून टॉर्च मारला की जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे लाकडावरचा चकचकीत लेप, फिकट पिवळसर हिरवं चमकतं. कुठे नंतर रंग किंवा लॅकर मारलं असेल तर तो भाग वेगळा, बहुधा काळपट दिसतो. सहीच्या आजूबाजूचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा चमकला. म्हणजे आधीची दुसरी सही घासून काढलेली नाही आणि वरून थर चढवलेला नाही.

मग भिंग. जुन्या लॅकरला केसासारख्या भेगा पडतात आणि त्या फार बोलक्या असतात. भेग आधीची असेल तर मार्करचा रंग तिच्यात उतरतो. भेग नंतरची असेल तर ती रंगाला कापून जाते. माझ्या गिटारवर आडनावातल्या पहिल्या अक्षराच्या उभ्या रेषेपाशी दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. डावीकडच्या भेगेत चंदेरी रंग ओघळून बसलाय, आणि बोटभर अंतरावरच्या दुसऱ्या भेगेने तीच रेषा स्वच्छ दुभंगलीय, दोन्ही काठ कोरे. म्हणजे सही झाली तेव्हा गिटार जुनी झालेली होती, आणि सहीनंतरही लॅकरला तडकायला पुरेसा काळ गेला. गेल्या वर्षी कुणी सही गिरवून गिटार विकायला काढली, ही शक्यता माझ्यापुरती तिथे संपली.

हस्ताक्षराचं काम जास्त अवघड. खोटी सही करणारा हळू लिहितो, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा, वळणावर अडखळ आणि रेषेचं टोक बोथट. खऱ्या सहीत हात हवेत असतानाच रेषा सुरू होते आणि निमुळती होत संपते. पण लेस पॉल यांच्या बाबतीत एक पेच आहे. त्यांचा जन्म १९१५ चा. न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये ते १९९६ पासून दर सोमवारी वाजवायचे, ऑगस्ट २००९ मध्ये वारले तोवर. त्या वयात संधिवाताने त्यांची बोटं आखडलेली होती. १९४८ च्या मोटार अपघातात उजवा हात असा मोडला, की गिटार धरता यावी म्हणून डॉक्टरांकडून तो कोपरात वाकवूनच बसवून घेतला होता. अशा माणसाची सही थरथरती असली तर ती खोटी म्हणायची कशी? फरक बघायचा तो असा: म्हाताऱ्या हाताची थरथर रेषेचा वेग मोडत नाही, रेषा हलत हलत पण पुढेच जाते. नक्कल करणारा वळणावर थांबतो, पुढे कुठे जायचं ते बघतो, आणि तिथे रंगाचा ठिपका साचतो. माझ्या सहीत असा ठिपका नाही.

आणखी एक. गिब्सनच्या कित्येक लेस पॉल गिटारवर हेडस्टॉकवर त्यांचं नाव सहीच्या वळणाने छापलेलं असतं. ती छपाई आहे. हाताची सही त्या छपाईशी तंतोतंत जुळली तर आनंद मानू नका, उलट सावध व्हा. कुणीही माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही.

अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशा सह्या तपासणाऱ्या संस्था आहेत. त्या नंबर असलेलं स्टिकर आणि पत्र देतात, तो नंबर त्यांच्या नोंदीत ताडून बघता येतो. बाजारात याला वजन आहे, पण शेवटी ते तज्ज्ञाचं मत असतं. विकणाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर छापलेल्या प्रमाणपत्राला मात्र शून्य किंमत द्या. मी एका परदेशी सेवेकडे फोटो पाठवून प्राथमिक मत घेतलं. त्यांनी मोघम दोन ओळी लिहून पैसे घेतले. भेगांचे जवळून काढलेले फोटो उघडून बघितल्याचंही जाणवलं नाही. गिटार प्रत्यक्ष पाठवायला माझं मन धजावत नाही. पन्नास वर्षांची मान विमानाच्या माल कप्प्यातून दोनदा जाणार, हा धोका मला एका स्टिकरसाठी पटत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती काकूंनी अल्बममधून काढून दिलेली गोष्ट. टेबलापाशी बसलेले लेस पॉल, समोर ही गिटार आडवी, हातात मार्कर. फोटोत गिटारवर अजून सही नाही. फोटो स्कॅन करून मोठा केला आणि महोगनीचे रेशे जुळवले. पॅनेलच्या वरून जाणारी काळसर शीर, तिला फुटलेला फाटा आणि खालच्या कडेचा टवका, तिन्ही जागच्या जागी आहेत. लाकडाचे असे रेशे दुसऱ्या फळीत सापडत नाहीत, त्यामुळे ती हीच गिटार, यात मला शंका नाही. भाऊजींच्या २००३ च्या खिशातल्या डायरीत क्लबचं नाव आणि ब्रॉडवेचा पत्ता आहे. वार काढून बघितला, सोमवार निघाला. इरिडियम २००१ मध्ये ब्रॉडवेवर गेला, आधी तो लिंकन सेंटरसमोर होता, त्यामुळे पत्ताही सालाशी जुळतो. हे सगळं धरून माझं मत ठाम आहे: सही त्यांचीच. कागदावर सिद्ध झाली असं मात्र मी म्हणणार नाही.

वाजवण्याबद्दल. आवाज स्वच्छ, सपाट, जवळजवळ पियानोसारखा. पहिले काही दिवस अनेकांना तो कोरडा वाटेल. डेकेड नॉब हळूहळू फिरवत गेलं की वरचे सूर एकेका पायरीने बदलतात आणि मग तिची गोडी कळते. आमच्या जुन्या इमारतीत ट्यूबलाइटचे चोक आणि शेजारचा इन्व्हर्टर यांच्यामुळे दुसरी गिटार रेकॉर्ड करणं म्हणजे वैताग. ही लो इम्पीडन्सवर ठेवून थेट मिक्सरच्या माइक इनपुटला लावली की मागे शांतता. घरी रेकॉर्ड करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. जड रॉक वाजवायचं असेल तर दुसरी गिटार घ्या. आणि उभ्याने तासभर वाजवायचं असेल तर पट्टा रुंद हवा, खांदा भरून येतो.

पुण्याची हवा तिला सहज मानवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मान किंचित हलली, ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची कांब, कॅम्पातल्या एका अनुभवी कारागिराकडून जुळवून घेतला. एप्रिलच्या कोरड्या दुपारी फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बोटाला लागायला लागली. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात ओलावा देणारी पिशवी. रबराच्या स्टँडवर ती उभी करू नका, नायट्रो लॅकर रबराला चिकटतं आणि विरघळतं.

सहीची काळजी वेगळी. पॉलिश, स्पिरिट, लिंबाचं तेल काहीही तिच्या आसपास नको, फक्त कोरडं मऊ कापड. माझा उजवा हात तिच्यावर घासायचा म्हणून आता पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालूनच वाजवतो. सही टिकावी म्हणून वरून लॅकर मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मार्कर विरघळू शकतो, आणि भेगांचा सगळा पुरावा त्या थराखाली गाडला जाईल.

किंमत ठरवताना मी गिटारचे पूर्ण पैसे दिले आणि सहीचे वेगळे, माफक. फोटो, डायरीचं पान आणि काकूंनी सही करून दिलेलं दोन परिच्छेदांचं निवेदन, हे सगळं त्या माफक रकमेत आलं. कुणी अशी गिटार घेत असेल तर आधी हे कागद मागा, घासाघीस नंतर करा. फोटोची मूळ निगेटिव्ह न्यू जर्सीतल्या एडिसनला काकूंच्या पुतण्याकडे आहे आणि दिवाळीत येताना तो ती आणणार आहे. निगेटिव्हवरून चांगलं स्कॅन मिळालं तर मार्करचं टोक आणि रेषेची जाडी ताडून बघता येईल.