फुकटची व्याख्याने, आठ महिने आणि न दिसणारी स्लाइड

गेल्या सप्टेंबरात माझ्या खात्यातून 4,999 रुपये परस्पर वळते झाले आणि हे प्रकरण तिथून सुरू झाले. ऑनलाइन अभ्यासक्रम विकणाऱ्या एका कंपनीची वार्षिक वर्गणी मी आदल्या वर्षी निम्म्या किमतीत घेतली होती. वर्षभरात जेमतेम अडीच अभ्यासक्रम पाहून झाले होते आणि ऑटो-रिन्यूअल बंद करायचे राहून गेले होते. दुसऱ्याच दिवशी पैसे परत मागितले, तर नूतनीकरणानंतर परतावा मिळत नाही, हे एकच वाक्य सोळा दिवसांत अकरा ईमेलमधून, दर वेळी नव्या कर्मचाऱ्याच्या नावाने, मला वाचायला मिळाले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण निम्मी चूक माझीच आहे. परंतु त्या रागात मी ठरवले की यापुढे शिकण्यापायी दमडीही मोजायची नाही आणि जे विद्यापीठे आपणहून वाटतात तेवढ्यावरच भागवायचे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची सार्वजनिक व्याख्याने पॉडकास्टवर फुकट ऐकता येतात आणि येल विद्यापीठाचे जुने वर्ग ‘ओपन येल कोर्सेस’ या नावाने 2007 पासून सर्वांना खुले आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असेल. म्हणून ते कुठे सापडतात आणि कसे उतरवून घ्यायचे, यात वेळ घालवत नाही. मी एका कस्टम क्लिअरिंगच्या कचेरीत हिशेब लिहितो आणि रोज बदलापूरहून धीम्या लोकलने सीएसएमटीला जातो. धिमी एवढ्यासाठी की तीत बसायला मिळते. प्रवासाला सुमारे दीड तास लागतो आणि लंडनचे व्याख्यानही बहुधा दीड तासाचे असते: तिथल्या घड्याळात साडेसहाला सुरू होते आणि आठला संपते. साधारणपणे ठाण्याच्या पुढेमागे वक्ता मुख्य मुद्द्यावर येतो आणि भायखळ्याला प्रश्नोत्तरे रंगात आलेली असतात. आठ महिन्यांत जाता-येता मिळून शंभराच्या वर व्याख्याने ऐकून झाली असतील. त्यांतली पंचवीस-तीस मध्येच सोडून दिली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पहिल्या आठवड्यात सर्वांत सुखावले ते वक्त्याच्या परिचयाने, कारण तो दोन-तीन मिनिटांत संपतो. ज्या प्रांतात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या प्रांतातला श्रोता म्हणून मला आपल्या व्याख्यानमालांचा अभिमान आहे. परंतु स्वागत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ एवढे सोपस्कार उरकेपर्यंत मागच्या रांगेतले आजोबा घोरू लागलेले असतात, हेही मी अनेकदा पाहिले आहे. लंडनला अध्यक्ष उठतो, भ्रमणध्वनी बंद ठेवायला सांगतो, वक्त्याची दोन वाक्यांत ओळख करून देतो आणि बाजूला होतो.

आता मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती स्लाइडची आहे. अर्थशास्त्राच्या वक्त्याला आलेखाशिवाय बोलता येत नाही, आणि पॉडकास्ट ऐकणाऱ्याला आलेख दिसत नाही; एवढी साधी गोष्ट ध्यानात ठेवून बोलणारे वक्ते मला दहांत दोन भेटले. उरलेले आठ जण ‘इथे जे दिसते आहे’, ‘ही निळी रेषा पाहा’, ‘या रेषेबद्दल मला फारसे सांगायलाच नको’ असे म्हणत पुढे जातात. सभागृहात हशा पिकतो, आणि मी कल्याण स्थानकात खिडकीबाहेरच्या फलकाकडे पाहत असतो. महागाईवरच्या एका भाषणात मी बोटांवर मोजले: बावन्न मिनिटांत ‘इथे’ हा शब्द एकोणचाळीस वेळा आला. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण मी तीन-चार विद्यापीठांची व्याख्याने ऐकली आहेत आणि हे दुखणे सगळीकडे आहे. काही व्याख्यानांची चित्रफीत उपलब्ध असते, हे मान्य; पण चित्रफीत पाहायची तर डेटा जळतो, आणि गर्दीच्या डब्यात फोन डोळ्यांसमोर धरून बसायला जी दोन हातांची मोकळीक लागते ती अंबरनाथच्या पुढे कोणाला मिळते?

ऑक्टोबरात मी या एका कारणावरून हा सगळा खटाटोप सोडून देणार होतो. या अनुभवाचा पहिला मसुदा तेव्हाच लिहून ठेवला होता आणि त्यात ‘ऐकण्यासाठी निरुपयोगी’ असे शब्द होते. ते आता मागे घेतो. मात्र कारण सांगून घेतो.

विषमतेवरच्या एका व्याख्यानात वक्त्याने ‘हत्तीच्या आलेखा’चा उल्लेख केला. हा आलेख ब्रँको मिलानोविच आणि क्रिस्तोफ लाक्नर या दोन अर्थतज्ज्ञांचा. आडव्या अक्षावर जगातली सगळी माणसे, सर्वांत गरिबापासून सर्वांत श्रीमंतापर्यंत, उत्पन्नाच्या क्रमाने उभी केलेली आहेत. उभ्या अक्षावर 1988 ते 2008 या वीस वर्षांत प्रत्येक गटाचे खरे, म्हणजे महागाई वजा जाता, उत्पन्न किती टक्क्यांनी वाढले ते आहे. या वक्त्याने, बहुधा त्याची स्लाइड वेळेवर उघडली नसावी, तो सगळा आलेख तोंडाने सांगितला: शेपटीकडून सुरुवात करा, पाठ चढत जाते, मध्यावर सर्वांत उंच होते, तिथून कपाळावरून खाली घसरून सोंडेच्या वळणाला जवळपास जमिनीला टेकते, आणि अगदी शेवटी सोंडेचे टोक पुन्हा वर उचललेले आहे. मी पिशवीतून जुने चलन काढले आणि त्याच्या कोऱ्या बाजूला, दिवा स्थानकाजवळच्या गचक्यांतून, तो हत्ती काढत गेलो. पाठीचा उंचवटा म्हणजे प्रामुख्याने चीन आणि आशियातला नवा मध्यमवर्ग, ज्याचे उत्पन्न त्या काळात सुमारे ऐंशी टक्क्यांनी वाढले. सोंडेचा खळगा म्हणजे श्रीमंत देशांतला कनिष्ठ मध्यमवर्ग, ज्याच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही. आणि उचललेले टोक म्हणजे जगातले वरचे एक टक्का लोक. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्या कागदाकडे पाहून, मुलाच्या शाळेचे काही आहे का, असे विचारले. रात्री घरी मूळ आलेख काढून पाहिला, तर माझी सोंड आखूड झाली होती आणि शेपूट नको तितकी वर गेली होती. तरी हत्ती ओळखू येत होता.

त्यानंतर मी ऐकण्याची रीत बदलली. वक्ता ‘इथे’ म्हणाला की मी थांबवतो, आणि पुढच्या-मागच्या वाक्यांवरून तो आलेख कसा असेल याचा अंदाज कागदावर काढतो. निम्म्या वेळा अंदाज चुकतो. पण चुकलेला आलेख डोक्यात पक्का बसतो, आणि नुसताच पाहिलेला आलेख पुढच्या स्थानकापर्यंतही टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. तक्रार संपलेली नाही. माझे म्हणणे असे की प्रत्येक वक्त्याला एकदा स्लाइड न लावता बोलायला लावावे. ज्याला विषय समजला आहे तो बोलेल.

येलच्या वर्गांत हा त्रास जवळपास नाही, कारण प्रत्येक वर्गाचा शब्दन् शब्द उतरवलेला मजकूर सोबत मिळतो आणि ते मुळातच विद्यार्थ्यांसमोर क्रमाने घेतलेले तास आहेत. समाजशास्त्राचा इव्हान सेलेनी यांचा 2009 सालचा अभ्यासक्रम मी संपूर्ण ऐकला: हॉब्जपासून निघून रूसो, ॲडम स्मिथ, मार्क्स, वेबर करत दुर्खाइमपर्यंत, पंचवीस तास. सुरुवातीला त्यांच्या हंगेरियन वळणाच्या इंग्रजीने घाम फोडला. तिसऱ्या तासाला कान सरावला. याच प्राध्यापकांना त्यांच्या लेखनापायी 1974 साली हंगेरीत अटक झाली आणि पुढे देश सोडावा लागला. मार्क्सच्या नावाने चालणाऱ्या राजवटीने ज्याला बाहेर काढले, तोच मनुष्य मार्क्स इतक्या निर्मळपणे, राग किंवा भक्ती यांपैकी काहीही न आणता समजावून सांगतो, हे ऐकताना मी एकदा मशीद बंदरचा बेत असताना सीएसएमटीला पोहोचलो. इयन शपायरो यांचा राज्यशास्त्राचा वर्गही चांगला आहे. नागरिकाने सत्तेची आज्ञा कधी पाळावी आणि कधी मोडावी, हा प्रश्न ते सुरुवातीलाच नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्याचे उदाहरण घेऊन उभा करतात. शिलर यांचा वित्तबाजारांचा वर्ग मात्र अर्ध्यावर सोडला. दिवसभर तेच पाहतो.

लंडनच्या पॉडकास्टला असा क्रम नाही आणि तो मागूही नये. सोमवारी हवामानबदल, मंगळवारी मध्यवर्ती बँका, बुधवारी लोकशाहीचे काय होणार. प्रसाद हातावर पडेल तसा घ्यायचा असतो. तिथे चटणी-कोशिंबिरीची विचारणा करता येत नाही. मात्र जे येलच्या वर्गांत क्वचितच ऐकू येते ते इथे रोज मिळते, आणि ते म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातला मतभेद. वेब दांपत्य, ग्रॅहम वॉलस आणि बर्नार्ड शॉ या समाजवादी विचारांच्या मंडळींनी 1895 साली काढलेल्या संस्थेत पुढे हायेकसारखा बाजारपेठेचा कैवारी अनेक वर्षे शिकवत होता, आणि त्याच काळात समाजवादी हॅरॉल्ड लास्कीही. हा वारसा प्रश्नोत्तरांत अजून जाणवतो. अध्यक्ष तीन-तीन प्रश्न एकदम घेतो ही पद्धत मला मुळीच आवडत नाही, कारण वक्ता त्यांतल्या सोप्या दोहोंची उत्तरे देतो आणि तिसरा, खरा बोचरा, हवेत विरतो. परंतु चौथी कोणी विद्यार्थिनी उठून तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा सकाळचे सार्थक होते.

याच संस्थेत डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि 1923 साली डी.एस्सी. मिळवली, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. मला त्यातला पुढचा भाग या व्याख्यानांच्या निमित्ताने शोधताना कळला: प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा त्याला प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच, काही मुद्दे आपल्याला पटत नाहीत, असे नमूद केले. विद्यार्थ्याच्या पुस्तकाच्या दारातच गुरूने मतभेद टांगून ठेवावा आणि विद्यार्थ्याने तो तसाच छापावा, याचे मला फार अप्रूप वाटले. डॉलरचा भाव रोज सकाळी फलकावर लिहिणे माझ्या कामाचा भाग आहे. रुपयाचा परदेशातला भाव सांभाळायचा की देशातली त्याची क्रयशक्ती, हा त्या प्रबंधातला वाद समजून घ्यायला मला पन्नाशी उजाडावी लागली.

ज्यांना थेट प्रक्षेपण पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना. लंडनचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अकरा आणि हिवाळ्यात बारा; तिथली घड्याळे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. मी नोव्हेंबरात हौसेने एकदा जागलो. प्रश्न विचारणाऱ्यांनी नाव आणि संस्था सांगावी, अशी तिथे रीत आहे. मी प्रश्न टंकला आणि संस्थेच्या रकान्याशी दहा मिनिटे अडलो. क्लिअरिंग एजंटाचे नाव लिहावे की बदलापूर, हे ठरेपर्यंत सभा संपली. सकाळची गाडी चुकली ती वेगळीच.

हिशेब असा. आठ महिन्यांत दोन इअरफोन गेले, प्रत्येकी 399 रुपये. व्याख्याने घरच्या वायफायवर रात्री उतरवून घेतो, त्यामुळे डेटाचा वेगळा खर्च नाही. कागद कचेरीतली बाद चलने. अक्षरी रुपये सातशे अठ्ठ्याण्णव फक्त. पहिला इअरफोन दाराच्या फटीत चेंगरला होता, तो खर्च व्याख्यानांच्या नावावर टाकणे खरे तर अन्यायाचे होईल.

गेल्या आठवड्यात त्या वर्गणीवाल्या कंपनीचा संदेश आला: आम्हाला तुमची आठवण येते, चाळीस टक्के सवलत, फक्त आज. तेव्हा लक्षात आले की त्यांचे ॲप अजून फोनवर होते आणि त्याने सव्वा जीबी जागा अडवली होती. ते काढून टाकले. मोकळ्या झालेल्या जागेत वीसेक व्याख्याने मावतील.