बनथॉर्न की अल्जर्नन?

व्हिक्टोरियन रंगभूमीवरचे सौंदर्यवादी (सौंदर्य हेच सर्वस्व मानणारे) आणि छानछोकी तरुण पाहायचे, तर दोन नाटकं समोर येतात: गिल्बर्ट-सलिव्हनची संगीतिका 'पेशन्स' (१८८१) आणि ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' (१८९५).

'पेशन्स'मधला कवी बनथॉर्न ढोंगी आहे. रंगमंचावर एकटा उरताच तो कबूल करतो, की हे लिलीच्या फुलांचं प्रेम, हे मध्ययुगाचं वेड, सगळं लोकांनी कौतुक करावं म्हणून. ही थट्टा अमेरिकेतल्या प्रेक्षकांनाही नीट कळावी म्हणून निर्माता डॉयली कार्टने १८८२मध्ये सौंदर्यवादी म्हणून गाजलेल्या खुद्द वाइल्डलाच तिकडे व्याख्यानांना पाठवलं. संगीत सुरेखच आहे, पण नजर बाहेरच्याची.

वाइल्डचा अल्जर्नन असली कबुली देत नाही. मावशीसाठी मागवलेली काकडीची सँडविचेस तो स्वतःच फस्त करतो, आणि त्याचा नोकर शांतपणे सांगतो, की बाजारात काकडीच नव्हती, रोख पैसे देऊनसुद्धा. दुसऱ्या अंकात तर कमाल आहे. अल्जर्ननचा मित्र जॅक आपल्या काल्पनिक भावाच्या दुखवट्याचा पोशाख करून येतो: टोपीला काळी पट्टी, हातात काळे हातमोजे. आणि तोच भाऊ बनून अल्जर्नन घरात आधीच हजर! जॅकने तोंड उघडण्याआधी नुसत्या कपड्यांवर हशा पिकतो. पोशाखातून नाट्य घडवणं म्हणतात ते हे.

माझं मत ठामपणे 'अर्नेस्ट'ला. गाणी ऐकायची असतील, तर मात्र 'पेशन्स'च लावा.