पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला पाच तारे

या दुकानात मी पहिल्यांदा गेले २०१७ च्या जूनमध्ये. आई-बाबा दोघंही नव्हते, मी आत्याकडे राहायचे. आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतून फुकट मिळाली, नववीची विकत घ्यायची होती. चौकात जुना संच निम्म्या किमतीत मिळतो म्हणून आत्याने तेवढेच पैसे साठवलेले. नेमका त्याच वर्षी नववीचा अभ्यासक्रम बदलला आणि जुनी पुस्तकं रद्दीत गेली. पुढे २०१८ ला दहावी बदलली, २०१९ ला अकरावी, २०२० ला बारावी. आमची बॅच ज्या वर्गात जाईल तिथली पुस्तकं नवी.

वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी दिली. ‘या दुकानात जा, पैसे भरलेत.’ कोणी भरले ते त्यांनी सांगितलं नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधीची तोबा गर्दी. शेजारी माझ्याच वर्गातली मुलगी वडिलांबरोबर उभी, त्यामुळे चिठ्ठी पुढे करायला माझा हातच उठेना. दुकानदार काकांनी ती माझ्या मुठीतून घेतली, वाचली, गल्ल्यात टाकली आणि सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, ‘एकरेघी किती, चौकटी किती?’ दोनशे पानी बारा वह्या, पुस्तकं, कंपास, खाकी कव्हरं. सगळं सुतळीने बांधलं आणि बिल फाडून दिलं. खाली लिहिलं होतं ‘रोख’. त्या मुलीच्या वडिलांच्या बिलावर होतं, अगदी तसंच.

ती चारही वर्षांची बिलं माझ्याकडे आहेत. चारहींवर ‘रोख’.

दहावीला विज्ञानाची दोन पुस्तकं झाली, त्यातला भाग २ संपला होता. आठवड्याने काकांनी तो शाळेत बाईंकडे पोचवला. करोनाच्या वर्षी बारावीची पुस्तकं मोबाइलवर वाचता येतात असं सगळे म्हणायचे. आमच्या घरी बटणांचा फोन. दुकान उघडल्याचं कळल्यावर गेले, तर संच बांधून वरच्या फळीवर ठेवलेला. त्या वेळी मी तिथेच रडले. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता मी नर्स आहे. या जूनमध्ये आत्येभावाच्या वह्या घ्यायला गेले तेव्हा न राहवून विचारलंच, ‘काका, आता तरी सांगा, कोण होते?’

‘बाळा, मी शब्द दिलाय.’

‘निदान आहेत ना?’

‘आहेत. तुझा बारावीचा निकाल मी कळवला होता.’

मी पुढे काही विचारलं नाही.

दुकानाबद्दल सांगायचं तर जागा अगदी चिंचोळी आहे, गाडी लावायला सोय नाही, जूनमध्ये तासभर उभं राहावं लागतं. वह्यांचा कागद चांगला, शाई पाठीमागे फुटत नाही. यादी कागदावर लिहून न्या, काकांना मोबाइलवरचं बारीक अक्षर आता दिसत नाही.