सेल्फ लेव्हलिंगच्या नावाखाली नेरूळला आमची झालेली फसवणूक, फ्लोअरिंग करणार असाल तर नक्की वाचा

नेरूळला आईचं ग्राउंड फ्लोअरचं घर आहे, सिडकोची जुनी बिल्डिंग. दोन खोल्यांत विनाइलचं फ्लोअरिंग टाकायचं होतं पण खालचा कोबा वरखाली होता, आणि आधीच्या भाडेकरूंचा डब्यांचा धंदा असल्यामुळे आतल्या खोलीत तेल मुरून काळे डाग पडले होते. म्हणून सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे पाण्यात कालवून ओतलं की आपोआप पसरून सपाट होणारी सिमेंटची पावडर, ओतायचं ठरलं. ओळखीतून आलेल्या कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन एकदम व्यवस्थित दिलं, ग्राइंडिंग, व्हॅक्यूम, तेलाचे डाग काढणं, प्रायमरचे (कंपाउंड खाली नीट धरावं म्हणून आधी लावतात ते) दोन हात, ५ मिलिमीटर कंपाउंड, २५ किलोच्या ७ बॅगा, सगळं लिहून. ॲडव्हान्स घेतला आणि मग आईला म्हणाला, "काकू, ग्राइंडरची धूळ फार उडते, तुम्हाला खोकला होईल, काम होईपर्यंत कुठेतरी जाऊन या." आई बिचारी मामाकडे गेली. मी ऑफिसला. घर रिकामं मिळावं म्हणूनच ते बोलणं होतं हे आता कळतंय.

परत आलो तर फरशी गुळगुळीत, बघून छान वाटलं, उरलेले पैसेही त्याने लगेच मागून घेतले. विनाइलवाला यायच्या आधी आई म्हणाली दाराजवळ चाललं की ढबढब वाजतंय. बघितलं तर कड उचलली गेली होती, स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हाताएवढा तुकडा अलगद सुटून आला. तो उलटा करून बघितला आणि डोकंच फिरलं. खालच्या बाजूला करडी धूळ, जुन्या रंगाचे पोपडे, आणि खराट्याची एक अख्खी काडी कंपाउंडमध्ये रुतून बसलेली! म्हणजे नुसता झाडू मारून वर ओतून दिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू दिवसभर घरी असतात, त्यांना विचारलं तर मशीनचा आवाजच आला नाही म्हणाल्या, आणि काँक्रीटवर ग्राइंडर फिरला तर अख्ख्या विंगला कळतं.

तुकड्याची जाडी पट्टीने मोजली तर २ मिलिमीटर. आता हिशोब बघा, १ चौरस मीटरला १ मिलिमीटर जाडीसाठी साधारण १.७ किलो पावडर लागते. आमच्या खोल्या मिळून २०० स्क्वेअर फूट म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर, ५ मिलिमीटरला १५८ किलो, म्हणजे ७ बॅगा बरोबर. पण २ मिलिमीटरला ६३ किलो, ३ बॅगा पुरतात. ४ बॅगांचे पैसे सरळ खिशात घातले, ग्राइंडिंग आणि प्रायमरचे वेगळेच.

फोन केला तर म्हणे "ताई, वरून एक हात मारून देतो, काही दिसणार नाही." अजिबात मारू देऊ नका कोणाला. कंपाउंड सुकताना आकसतं आणि खालच्या थराला ओढतं, खाली धूळ, तेल किंवा सिमेंटची ठिसूळ साय असेल तर तिथूनच सुटणार, वर कितीही ओता.

आता तुर्भ्याच्या एका मिस्त्रीकडून सगळं उखडून परत करून घेतोय आणि काय काय करायला हवं होतं ते डोळ्यांनी बघतोय. आधी हातोडीने ठोकून पोकळ जागा शोधल्या आणि तोडल्या. डायमंड व्हील लावून घासलं, व्हॅक्यूम केलं, मग पाण्याचे थेंब टाकून बघितले, चांगल्या कोब्यात पाणी मुरत होतं, तेलाच्या जागी थेंब तसेच उभे, म्हणून तिथे परत डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं केमिकल) आणि परत घासणं. मग जमिनीतून ओल येते का ते बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला, सकाळी खाली दव. खाडीलगतच्या भागात ग्राउंड फ्लोअरला हे होतंच, त्याच्यासाठी आधी इपॉक्सीचा थर आणि तो ओला असतानाच वर वाळू टाकायला लागते, नाहीतर कंपाउंड धरत नाही. पहिल्या माणसाने ओल बघितलीसुद्धा नव्हती.

माझं कळकळीने सांगणं आहे, तयारीचे पैसे कंपाउंडपासून वेगळे ठेवा, आणि घासलेला कोबा स्वतः बघून, हात फिरवून हाताला धूळ लागत नाही ना बघून, मगच प्रायमर लावायला सांगा. ओतायच्या दिवशी घरचं कोणीतरी तिथे पाहिजेच, बॅगा सील असताना मोजा, प्रत्येक बॅगेत पाणी बॅगेवर लिहिलंय तेवढंच मोजून घालायला लावा. हे लोक पसरायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवतात आणि मग वरचा थर खडूसारखा भुकटी सोडतो.

त्याचा फोन आता लागत नाही. तुकडे, बिल आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवलेत, पट्टी लावून फोटो काढलेत आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. कोणाचं असं झालं असेल तर ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही.